गुहागरकडे घर बांधायचंय : स्टील फ्रेम की विटा?

सुरंगी
मंडळी, सल्ला हवा आहे.

गुहागर तालुक्यात सासरचं घर आहे. आहे म्हणजे, होतं. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याकिनाऱ्याने वर गेलं तेव्हा छपराचा एक कोपरा उचलला गेला. आम्ही ठाण्यात बसून "गणपतीला जाऊ तेव्हा बघू" म्हटलं आणि त्या एका पावसात आढं बसलं. भिंती उभ्या आहेत, पण आत आता पिंपळ राहतो.

हे दोन वर्षांनी रिटायर होतायत. जुनं पाडून त्याच जागी साडेसातशे फुटांचं घर बांधायचं आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे पडवी, बस. समुद्र घरातून दिसत नाही, पण रात्री गाज ऐकू येते. सरळ रेषेत सव्वा किलोमीटर असेल.

ह्यांचं म्हणणं, घर म्हणजे विटांचं. पुण्याचा भाचा रोज एक व्हिडिओ पाठवतो : स्टीलच्या पातळ चॅनलचा सांगाडा, त्यावर सिमेंटचे बोर्ड, महिन्याभरात घर तयार. आम्हाला इथून जाऊन देखरेख करणं शक्य नाही, त्यामुळे "महिन्याभरात" ऐकून माझं मन डळमळलंय. पण खाऱ्या वाऱ्यात लोखंड? गॅसची शेगडीसुद्धा तिथे दोन वर्षांत चाळण होते.

कुणी असं घर बांधलंय का? अनुभव सांगा.

फणसगरा
आधी सातबाऱ्यावर किती नावं आहेत ते सांगा. मग स्टील की विटा ते बघू.

सुरंगी
@फणसगरा, अकरा. त्यातली तीन वारलेली. पण चुलत मंडळींनी तोंडी होकार दिलाय.

फणसगरा
तोंडी. बरं. वाचतोय.

चिरेबंदी
ताई, मला एक कळलं नाही. कोकणात वीट कुठून आली? आपल्या पायाखाली जांभा दगड आहे, तोच चौकोनी कापला की चिरा. रत्नागिरी, लांजा, राजापूर, देवगड, कुठेही जा, तासाभराच्या अंतरावर चिरेखाण सापडते. वीट आणायची म्हणजे कऱ्हाडकडून कुंभार्ली घाट उतरवायची, वाटेत शंभरातल्या किती फुटतील त्याची गणती नाही, आणि आल्यावर तिला आपला पाऊस सोसत नाही. तुमची निवड मुळात स्टील की चिरा अशी हवी.

घाटावरचा
@चिरेबंदी, आमच्या विटांना नावं ठेवू नका. चांगली भाजलेली वीट एकमेकीवर आपटली की खणखण वाजते, तिला काही होत नाही. चिपळूण बाजारात निम्मी नवी बांधकामं विटांची आहेत. आणि तुमचा चिरा पाणी पितो, हे मान्य करा.

चिरेबंदी
पितो. पण ओकतोही. पावसाळ्यात पश्चिमेची भिंत ओली होते, दसऱ्यापर्यंत वाळते. विटेवर मात्र मिठाचा पांढरा थर फुलतो आणि गिलावा पापुद्र्यासारखा सुटतो. दर दोन वर्षांनी रंगारी बोलवायची हौस असेल तर खुशाल बांधा विटांचं.

मालवणी_मसालो
चिऱ्याक पर्याय नाय. माझ्या आज्यान बांधलला घर आजून उभा आसा. नळे (कौलां) सोडून तेच्यात काय एक बदलूक नाय.

टिपकागद
अवांतर : जांभ्याला इंग्रजीत लॅटराइट म्हणतात. ते नाव फ्रान्सिस बुखानन या ईस्ट इंडिया कंपनीच्या डॉक्टरने केरळात अंगाडिपुरमला लोकांना हा दगड तासून घरं बांधताना पाहिलं, त्यावरून दिलं. त्याचं प्रवासवर्णन १८०७ मध्ये छापलं गेलं. लॅटिनमध्ये 'लेटर' म्हणजे वीट. जमिनीतून काढताना मऊ असतो, लोखंडी हत्याराने सहज कापता येतो, आणि हवा लागली की कडक होतो, हे बघून त्याला वीटच आठवली. तेव्हा सुरंगीताईंचे यजमान आणि चिरेबंदी एकच गोष्ट बोलतायत.

चिरेबंदी
@टिपकागद, हे माहीत नव्हतं. तरी कऱ्हाडची वीट आणि आमचा चिरा एक नव्हे :)

स्ट्रक्चरवाला
पेशाने स्ट्रक्चरल इंजिनियर आहे, रत्नागिरी आणि रायगड दोन्हीकडे कामं केली आहेत. थोडं लांबण लागेल.

लोखंडाला घाबरायचं तर सगळ्याच घरात घाबरा. चिऱ्याच्या किंवा विटांच्या घरावर तुम्ही स्लॅब टाकणार ना? त्यात सळई आहे. सळई गंजली की तो गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, मग काँक्रीट फोडून बाहेर येतो. किनाऱ्यावरच्या वीस-पंचवीस वर्षांच्या घरांच्या स्लॅबखाली मान वर करून बघा, पोपडे लोंबकळताना दिसतील. आयएस ४५६ मध्ये, म्हणजे काँक्रीटच्या भारतीय मानकात, किनाऱ्यावरचं काँक्रीट 'सिव्हिअर' (तीव्र) गटात येतं. म्हणजे किमान एम ३० प्रतीचं काँक्रीट आणि सळईवर ४५ मिलिमीटर कव्हर, म्हणजे सळई झाकणारा काँक्रीटचा थर. गावात सळईखाली काय ठेवतात? हाताला लागेल ती खडी. त्यात खाडीची वाळू वापरली असेल तर मीठ फुकट.

आता भाच्याच्या व्हिडिओतलं घर. त्यात जे चॅनल असतात ते साधारण एक मिलिमीटर जाडीच्या पत्र्यापासून थंड अवस्थेत वाकवून केलेले. सगळा जीव त्यावरच्या मुलाम्यात. 'झेड २७५' म्हणजे दोन्ही बाजू मिळून दर चौरस मीटरला २७५ ग्रॅम जस्त, एका बाजूला जेमतेम २० मायक्रॉन. 'एझेड १५०' म्हणजे ॲल्युमिनियम-जस्ताचा १५० ग्रॅम मुलामा. जस्त स्वतः झिजून लोखंडाला वाचवतं, त्यामुळे लहानसहान ओरखडे चालतात. चॅनल भिंतीच्या आत कोरडा राहिला तर काळजी नाही. पण ओल आत शिरली आणि बाहेर पडायला वाट नसली, तर ते तुम्हाला दिसणारही नाही. चिरा निदान शेवाळ धरून सांगतो तरी.

आणखी एक. खारं वारं सगळीकडे सारखं खात नाही. ज्या भागावर पाऊस थेट पडतो तिथलं मीठ धुऊन जातं. वळचणीखाली, पडवीच्या आतल्या बाजूला मीठ बसतं आणि तसंच राहतं. लोक छपराच्या वरच्या अंगाला रंग देतात, गंज खालून चढतो.

सव्वा किलोमीटरवर स्टील फ्रेम अशक्य नाही. पण मुलामा कोणता, स्क्रू कोणते, जागेवर कापलेल्या कडांना काय लावणार, हे कागदावर लिहून घ्या. स्क्रू हलके निघाले तर बाकी सगळं फुकट.

सुरंगी
@स्ट्रक्चरवाला, मनापासून आभार. हे सगळं भाच्याला पाठवलं. त्याने अंगठा पाठवला.

समुद्रपक्षी
मी राहतो अशा घरात. अलिबागच्या दक्षिणेला, समुद्रापासून दोन किमी, चौथा पावसाळा गेला. जे आहे ते सांगतो.

चांगलं : जोत्याचं काम सोडून अठ्ठेचाळीस दिवसांत घर उभं राहिलं. भिंतीत रॉकवूल (उष्णता अडवणारा दगडी तंतूंचा थर) भरलंय, एसी लावला की दहा मिनिटांत गार. वाळवी नाही. आमच्या जुन्या घरात वाळवीने दाराची चौकट अशी खाल्ली होती की दार बंद करताना चौकटच हातात आली.

वाईट : लाइट गेली की घर लवकर तापतं, चिऱ्यासारखा थंडावा धरून ठेवत नाही. बोर्डांच्या सांध्यांवर केसासारख्या भेगा येतात, दरवर्षी आगोटीला, पावसाच्या तोंडावर, बाहेरून भरून घेतो. भिंतीवर घड्याळ लावायचं तर आतला चॅनल लोहचुंबकाने शोधावा लागतो. आणि उंदीर. पोकळ भिंतीत एकदा उंदीर शिरला की रात्री तीन वाजता तो नेमका कुठे आहे ते ऐकू येतं, पण करता काही येत नाही. वायरीच्या भोकांना जाळी लावून घ्या.

गावातल्या लोकांना सवय व्हायला वेळ लागला. एक काका आले, भिंतीवर टिचकी मारली आणि म्हणाले, "छान. गणपतीचं मखर आहे का?"

मालवणी_मसालो
मखर!! काका खंयचे, पाय धरूक व्हये.

आगोट
@समुद्रपक्षी, खर्च किती आला? आणि बँकेने कर्ज दिलं का?

समुद्रपक्षी
@आगोट, त्या वेळी शेजारी चालू असलेल्या चिऱ्याच्या घरापेक्षा मला साधारण सव्वापट पडलं. छोट्या घराला जास्तच पडतं, कारण कारागीर बाहेरून येतात, त्यांची राहण्याजेवणाची सोय तुमच्याकडे. कर्जाला त्रास झाला. मूल्यांकनाला आलेले साहेब विचारत होते की हे हलवता येतं का.

वांदरमारा
छपराचं कुणीच बोलत नाही. आमच्याकडे वांदरांची टोळी रोज सकाळी आंब्यावरून कौलांवर, कौलांवरून फणसावर. वर्षाला शंभरेक कौलं फोडतात. कंटाळून पत्रा घातला. आता कौलं फुटत नाहीत, पण वांदरं पत्र्यावर नाचली की घरात बॉम्बस्फोट. वर नारळ पडला की आई अजून "कोण आलं" विचारते.

दाभोळकाठ
@वांदरमारा, खरा मुद्दा छपराचाच आहे. मी दापोली तालुक्यातला. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ दिवेआगर-श्रीवर्धनजवळ जमिनीवर आलं, त्याचा पदर आमच्यावरून गेला. भिंत पडलेलं घर मी आमच्या वाडीत एकच पाहिलं, तेही पोफळ कोसळल्यामुळे. बाकी सगळ्यांची छपरं गेली. शेजाऱ्यांचा पत्रा नुसता नाही गेला, खालच्या लोखंडी पाइपांसकट उचलून आमच्या बागेत येऊन पडला. कारण पाइप भिंतीवर नुसते टेकवलेले, चार ठिकाणी सिमेंटचा गोळा. आमची निम्मी कौलं गेली, वासे राहिले.

मग आठवडाभर पाऊस भिंतींच्या माथ्यावर. लाइट दीड महिना नाही. पत्रे मिळेनात, ताडपत्री मिळेना. जुनी मातीची भिंत वरून भिजली की खालपर्यंत फुगते, ते तेव्हा बघितलं.

तेव्हा भिंत कशाची हे विचारण्याआधी छप्पर भिंतीला आणि भिंत पायाला कशी बांधलीय ते विचारा. बांधलीय म्हणजे खरोखर बोल्टने बांधलीय.

स्ट्रक्चरवाला
+१. आणि स्टील फ्रेमला हे दुप्पट लागू. चिऱ्याची भिंत निदान स्वतःच्या वजनाने बसून राहते. हलकं घर वाऱ्याला उचलावंसं वाटतं, म्हणून कोपऱ्याकोपऱ्यात पायात खोल अँकर, म्हणजे काँक्रीटमध्ये रुतवलेले बोल्ट, लागतात. भूकंपात मात्र हाच हलकेपणा कामाला येतो.

चिपळूणची_मावशी
भूकंपावरून आठवलं. ११ डिसेंबर १९६७, कोयनेचा भूकंप, पहाटे साडेचारच्या सुमारास. मी नऊ वर्षांची होते. आमची मातीत रचलेली चिऱ्याची भिंत माजघरात न पडता बाहेर अंगणात पडली म्हणून मी आज हे टाइप करतेय. वडिलांनी पुन्हा बांधताना चिरे तेच वापरले, पण सिमेंटमध्ये, आणि दारांच्या वरून सगळ्या घराला काँक्रीटचा पट्टा फिरवला. २२ जुलै २०२१ च्या पुरात त्या घरात छातीभर पाणी होतं. भिंती आहेत तशा आहेत. कपाटं, गाद्या, लग्नाचा अल्बम गेला.

सुरंगी, पुराचं पाणी तुमच्याकडे येतं का?

सुरंगी
@मावशी, अंगावर काटा आला. नाही, आमचं घर उतारावर आहे, पुराची भीती नाही.

घाटावरचा
कुणी सिपोरेक्सबद्दल, म्हणजे त्या सच्छिद्र सिमेंटच्या ब्लॉकबद्दल, बोललंच नाही. हलके, झटपट.

चिरेबंदी
@घाटावरचा, आता विटांवरून ब्लॉकवर आलात. हळूहळू चिऱ्यापर्यंत याल.

पण मावशींनी लिहिलंय ते खरं आहे आणि चिऱ्याच्या बाजूचा असूनही सांगतो : आजकाल खाणीतून येणारा प्रत्येक चिरा घेण्यालायक नसतो. वरचे थर संपले की खाली मऊ माल लागतो, मशीन तोही चौकोनी कापून देते. दिसायला देखणा. पांढरे-पिवळे मातीचे डोळे दिसले तर तो बाजूला काढा. दोन चिरे रात्रभर पाण्यात टाका, सकाळी कडा नखाने सुटली तर गाडी परत पाठवा. आणि ताजा कापलेला चिरा लगेच भिंतीत घालू नका, थोडा उन्हा-वाऱ्यात राहू द्या.

टिपकागद
चांगल्या कातळाचं आयुष्य बघायचं तर रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवरची, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारांवरची, कातळशिल्पं बघा. हत्ती, मासे, माणसं, सगळं उघड्या जांभ्यावर कोरलेलं. हजारो वर्षं पाऊस खातायत. छप्पर नाही, आगोट नाही.

फणसगरा
त्यांच्या सातबाऱ्यावर पण अकरा नावं नव्हती.

आगोट
मला एक मूलभूत शंका. सुरंगी, तुम्ही दोघं तिथे बारा महिने राहणार आहात, की गणपती-शिमग्याला? कारण बंद घराचा सगळ्यात मोठा शत्रू बंद दार. आमचं घर दहा महिने बंद असतं. भिंती पक्क्या आहेत, पण आत गेलं की गादीला, पुस्तकांना, फोटोंच्या पाठीला बुरशी. शेजारच्या वहिनींना महिन्याला दोनदा खिडक्या उघडायला सांगितलं, तेव्हापासून निम्मं झालं.

सुरंगी
@आगोट, पहिली दोन-तीन वर्षं ये-जा, मग कायमचं. निदान ह्यांचा तसा विचार आहे. माझा दातांचा डॉक्टर ठाण्यात आहे.

स्ट्रक्चरवाला
एक विचारायचं राहिलं. ट्रक दारापर्यंत जातो का?

सुरंगी
@स्ट्रक्चरवाला, नाही हो. रस्ता वर आहे. तिथून पाखाडी उतरावी लागते. चौऱ्याऐंशी पायऱ्या. मध्ये दोन वळणं, एका ठिकाणी ओहोळावर साकव.

चिरेबंदी
!!!

दाभोळकाठ
ताई, हे तीस प्रतिसादांनंतर सांगताय?

सुरंगी
कुणी विचारलंच नाही :( आणि आम्हाला त्याची इतकी सवय आहे की सांगायचं सुचलं नाही.

स्ट्रक्चरवाला
मग सगळं गणित बदललं. साडेसातशे फुटांच्या घराला आतल्या-बाहेरच्या भिंती धरून दोन ते अडीच हजार चिरे लागतील. एक चिरा ३० किलोच्या आसपास. म्हणजे ६० ते ७५ टन दगड चौऱ्याऐंशी पायऱ्या डोक्यावरून उतरवायचा. हल्ली माणसंच मिळत नाहीत, मिळाली तर चिऱ्याच्या किमतीपेक्षा मजुरी जास्त होईल. स्टीलच्या सांगाड्याचं वजन तीन-चार टनांच्या घरात. दोन माणसं एक फ्रेम सहज नेतील. बोर्ड मात्र आठ बाय चारचे, तेही ३० किलोच्या आसपासचे, आणि वळणावर वारा आला की माणूस शिडाच्या होडीसारखा जाईल. तरीही भाच्याचं पारडं जड झालं हे मान्य करायला हवं.

समुद्रपक्षी
भाच्याला सांगा, अंगठा आता पाठव.

चिपळूणची_मावशी
थांबा जरा. सुरंगी, तुमचं जुनं घर कशाचं आहे? भिंती उभ्या आहेत म्हणालात.

सुरंगी
चिऱ्याचं. गिलावा फक्त आतून, बाहेरून उघडाच आहे. ह्यांच्या आजोबांनी बांधलं.

चिपळूणची_मावशी
आणि दर्जा (चिऱ्यांमधले सांधे) कशाच्या? सिमेंटच्या की मातीच्या?

सुरंगी
विचारून सांगते.

सुरंगी
दीरांना फोन केला. मातीच्या. बाहेरून फक्त चुना भरलाय.

चिपळूणची_मावशी
मग तुमचे चिरे खालीच आहेत की! सिमेंटमधला चिरा काढताना फुटतो. मातीतला पहारीने हलवला की अख्खा निघतो, पाण्याने धुतला की नव्यासारखा. आमच्या वडिलांनी तेच केलं. आणि तो साठ-सत्तर वर्षं हवा खाल्लेला, हाताने तासलेला चिरा. आजच्या मशीनच्या मालापेक्षा उजवा.

चिरेबंदी
मावशी, साष्टांग. मी इतका वेळ चिऱ्याची वकिली करतोय आणि मला हे सुचलं नाही.

स्ट्रक्चरवाला
मावशींना माझी फी द्या. हे उत्तम आहे, फक्त चार गोष्टी सांभाळा. पिंपळाची मुळं असलेला कोपरा आणि सतत भिजलेला तळाचा थर बाद धरा. जुनं जोतं जागेवर येऊन बघितल्याशिवाय वापरू नका. भिंत मातीत नको, सिमेंटमध्ये, आणि जोत्यावर, दारांवर, भिंतीच्या माथ्यावर असे तीन काँक्रीटचे पट्टे. माथ्याच्या पट्ट्यातच बोल्ट सोडून ठेवा, त्यावर छप्पर. स्लॅब नको. छपराचा सांगाडा हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवलेल्या) स्टीलचा करा, कारखान्यातून भोकं पाडून मगच मुलामा दिलेला, जागेवर वेल्डिंग नाही. वेल्डिंग केलं की तिथलं जस्त जळतं आणि गंज तिथूनच सुरू होतो. लाकडी वाशांना लागणारी वाळवीही टळेल. उघडं स्टील डोळ्यांना दिसतं, त्यामुळे गंजलं तर कळेल आणि रंग देता येईल.

वांदरमारा
त्यावर कौलं की पत्रा, हे अजून ठरलं नाही.

मालवणी_मसालो
वांदरांक इचारा.

सुरंगी
तीन आठवड्यांनी लिहितेय. मधल्या शनिवार-रविवारी जाऊन आलो. गावच्या गवंड्याने पडवीच्या बाजूचे वीसेक चिरे काढून बघितले, दोनच फुटले. त्याच्या अंदाजाने सोळा-सतराशे तरी चांगले निघतील. साडेसातशे फुटांऐवजी सहाशेचं घर करायचं ठरतंय, म्हणजे बाहेरच्या भिंती जुन्या चिऱ्यात निघतील, आणि आतल्या दोन भिंती भाच्याच्या स्टीलच्या. तो खूश आहे. ह्यांना विटांचं तुळशीवृंदावन कबूल केलंय, तेवढ्या विटा पिशवीतून नेता येतील.

एक अडचण आली आहे. चिरे काढतानाचा फोटो मी कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. रात्री बोरिवलीहून ह्यांच्या चुलतभावाचा फोन. म्हणाले, "घर बांधा, आमची ना नाही. पण चिरे सामाईक आहेत."

फणसगरा
अकरा नावं. सतराशे चिरे. भागाकार करून ठेवतो.